मोकाटमधल्या सगळ्या बायका

लाँड्रीत ताईंना कशाचीच किळस येत नसे. कॉलरवरचा मेणचट थर, काखेतले पिवळे डाग, आजाऱ्याच्या चादरी, पार्टीत पिऊन ओकलेल्या माणसाचा कोट, सगळं त्या उघड्या हातांनी उलगडत, उजेडात धरत आणि गिऱ्हाइकाला विचारत, "रक्त आहे की चहा?" गिऱ्हाईक लाजलं तर म्हणत, "डॉक्टरसमोर आणि माझ्यासमोर लाजायचं नाही. गरम पाणी लागलंय का तेवढं सांगा." त्यांचे यजमान मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीवर असत. ते दिवसभरात मोजकं बोलत आणि ताई त्यांच्या वाटणीचंही बोलून घेत. आवाज खणखणीत. रस्त्यापलीकडच्या किल्लीवाल्याला निरोप द्यायचा तर काउंटरवरून उठायचीही गरज पडत नसे.

लग्नाआधी ह्याच आवाजावर त्यांना नोकरी मिळाली होती. एका गॅरेजच्या माडीवर तीन खोल्यांत एक कंपनी होती. पाच-सहा पोरं तिथे व्हिडिओ गेम बनवायची. ताईंचं काम फोन घ्यायचं, म्हणून त्यांचं नाव पडलं टेलिफोन. तेव्हा त्या विशीतल्या. कंपनीत जो गेम बनत होता त्याचं नाव 'मोकाट'. एक अख्खं शहर, त्यात एक माणूस. तो कुठेही जाऊ शकतो, कुठलीही गाडी उचलू शकतो, काहीही करू शकतो. आता अशा गेमचं कोणाला नवल नाही, पण तेव्हा हे ऐकून लोक हसायचे. असल्या बिनकामाच्या भटकंतीला पैसे कोण देणार, म्हणायचे.

गेम पूर्ण होत आला आणि बायकांचे आवाज द्यायला ठरवलेली नटी भांडून निघून गेली. कंपनीतल्या आवाजाच्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. तो बाहेर आला आणि म्हणाला, "टेलिफोन, ऊठ. तूच कर." भिंतींना गाद्या बांधलेल्या एका अडगळीच्या खोलीत तिला उभं केलं. दुपारभर ती बोलत राहिली. म्हातारी झाली, कॉलेजची पोरगी झाली, खवट भाजीवाली झाली. "छान हवा आहे ना आज." "बस गेली का हो?" "माफ करा हं." मग किंचाळणं, रडणं, गयावया करणं. अगदी शेवटी खोलीतले दिवे गेले, अंधारात कोणीतरी मागून तिच्या गळ्याभोवती गार हात टाकले, आणि ती अशी ओरडली की खालच्या गॅरेजमधले मेकॅनिक पान्हे घेऊन जिना चढून आले.

ही गोष्ट ताई घरी नेहमी सांगत. पान्हे घेऊन आलेले मेकॅनिक हा त्यातला त्यांचा हुकमी भाग. तिथे त्या थांबत, समोरच्याला हसू देत आणि मग पुढे जात. पुढे सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. लग्न झालं, नोकरी सुटली, लाँड्री आली. 'मोकाट' जगभर गाजला असं कानावर आलं, पण ताईंनी तो कधी पाहिला नाही. गेम खेळायला सवड कुणाला होती?

त्याला तीसेक वर्षं होत आली तेव्हा एके दिवशी जावयाचा फोन आला.

जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. मऊ स्वभावाचा माणूस. घरात झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन गॅलरीतून खाली सोडणारा. त्याच्या लहानपणी मित्राच्या घरी पोरांनी 'मोकाट' रात्रंदिवस खेळला होता. आता कंपनीने तोच जुना गेम जसाच्या तसा नव्या मशीनवर आणला, तेव्हा त्याने उत्साहाने घेतला. आठवडाभर खेळला. गेम संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात, ती लहानपणी कोण वाचतो? ह्या वेळी त्याने वाचली. तिथे लिहिलं होतं, 'शहरातल्या सगळ्या बायका', आणि पुढे एक नाव. त्याने बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "हे तर आईचं माहेरचं नाव."

रविवारी दुकान बंद. ताई आणि यजमान लेकीकडे गेले. जावयाने सोफा ओढून टीव्हीसमोर आणला होता, उशा लावल्या होत्या. ताई मध्ये बसल्या. समोर समुद्र उगवला, त्यावर नारिंगी ऊन, किनाऱ्याने धावणारा रस्ता.

"काय सुंदर आहे रे," ताई म्हणाल्या.

"तेव्हा तर वेड लागायचं, आई. आम्हाला वाटायचं खरंच असंच असतं. आता जवळून बघा, गंमत वाटते." त्याने गेममधला माणूस जवळ आणला. चेहरा घडी पडलेल्या खोक्यासारखा होता. हाताला बोटं नव्हती, नुसतं फावडं. झाडं म्हणजे एकमेकांत खुपसलेले दोन पुठ्ठे. यजमान चष्मा पुसून पुढे झुकले आणि म्हणाले, "पँट मात्र कडक इस्त्रीची आहे." सगळे हसले.

तेवढ्यात पिवळा झगा घातलेली एक बाई फुटपाथवरून आली आणि ताईंच्या विशीतल्या आवाजात म्हणाली, "छान हवा आहे ना आज."

लेकीने टाळ्या वाजवल्या. ताईंच्या अंगावर शहारा आला, तो सुखाचा. आपला आवाज इतका कोवळा होता हे त्या विसरूनच गेल्या होत्या. कोपऱ्यावर एक म्हातारी बसबद्दल विचारत होती, तीही त्याच. फुलं विकणारी कुरकुरत होती, तीही त्याच. अख्खं शहर आपल्या गळ्यातून बाहेर पडल्यासारखं त्यांना वाटलं.

चालता चालता जावयाच्या माणसाचा धक्का पिवळ्या झग्याला लागला. "माफ करा हं," ती म्हणाली.

"हे बरं आहे," ताई म्हणाल्या. "धक्का तू मारलास आणि माफी ती मागतेय."

"सगळ्या तशाच आहेत. कितीदाही मारा." त्याने पुन्हा धक्का दिला. "माफ करा हं." पुन्हा दिला. "माफ करा हं."

"आईचं ओरडणं ऐकव ना," लेक म्हणाली. "मेकॅनिकवालं."

जावयाने बटण दाबलं. फावड्याचा हात वर गेला आणि बाईच्या तोंडावर बसला. आणि ते आलं. टीव्हीशेजारच्या काचेच्या हरणाला कंप सुटेल इतकं मोठं. सगळे हसले. यजमानही हसले, जे वर्षातून एखाद्या वेळी हसत. ताईसुद्धा हसल्या. बाई खाली पडली होती आणि कोपरांवर सरपटत होती. "सोडा ना," ती म्हणत होती. "घरी बाळ एकटं आहे."

ताईंचं हसू तिथे अडकलं. हे वाक्य कोणी लिहून दिलेलं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी ते आपल्या मनाने घातलं होतं, खरं वाटावं म्हणून. कानसेनने तेव्हा पाठ थोपटली होती. तेव्हा लग्नाचा पत्ता नव्हता, बाळ कुठलं? ते बाळ आता शेजारी बसून शेंगदाणे खात होतं.

"आता खरी मजा," जावई म्हणाला. "आमच्या वेळी सगळी पोरं हेच करायची." त्याने गाडी घेतली आणि बंदरावर नेली. तिथे एक गोदाम होतं. "ह्या बायकांना घाबरवलं की त्या पळतात. बरोबर हाकलत आणल्या की आत शिरतात. पण बाहेर येता येत नाही. बनवणारे त्यांना दार उघडायला शिकवायचं विसरले."

त्याने दार उघडलं. आत बायका होत्या. आठवडाभरात त्याने जमवलेल्या. पिवळ्या झग्याच्या, निळ्या स्कर्टच्या, काठीवाल्या म्हाताऱ्या. कोणी भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी चालत होती, कोणी एकमेकींना धडकत होती आणि धडकली की म्हणत होती, "माफ करा हं." सगळीकडून एकच आवाज. "माफ करा हं. माफ करा हं. बस गेली का हो? सोडा ना. घरी बाळ एकटं आहे."

"बाकीची पोरं आत जाळ टाकायची," जावई सांगत होता. "मी कधी टाकला नाही. मला ते आवडायचं नाही. मी नुसत्या जमवायचो." आणि त्याने दार लावलं, आणि त्याचा माणूस दाराबाहेर उभा राहिला, आणि जावई मान किंचित कलती करून आतला आवाज ऐकू लागला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हाही तोच मऊपणा होता.

ताई उठल्या. बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. सकाळचा चहा बाहेर पडला. त्यांनी तोंड धुतलं, मग हात धुतले, मग पुन्हा हात धुतले. लेक आली. "काय झालं गं?"

"पित्त," ताई म्हणाल्या.

त्या आठवड्यात ताई दुकानात बोलेनाशा झाल्या. गिऱ्हाइकाला बोटाने खूण करत, पावती पुढे सरकवत. तोंड उघडलं की तोच आवाज बाहेर येई. कुणाचा धक्का लागला, कपड्यांचं बोचकं हातातून निसटलं, की जिभेवर आपोआप ते तीन शब्द येत आणि ताई ओठ दाबून धरत. कोणीतरी आपली चड्डी घालून गावभर फिरलं आणि मग तशीच न धुता कपाटात ठेवून दिली, असं काहीतरी त्यांना वाटत होतं. नेमका शब्द सापडत नव्हता. आतापर्यंत दुसऱ्यांचे डाग पाहिले होते. हा कसा काढायचा ते ठाऊक नव्हतं.

फोनवर त्यांनी शोधलं. शोधायला नको होतं. जगभरच्या माणसांनी आपापली गोदामं दाखवली होती. कोणाकडे जास्त बायका मावतात ह्याच्या शर्यती होत्या. एका व्हिडिओत एक पोक्त, समजूतदार आवाजाचा माणूस शांतपणे शिकवत होता, आधी म्हाताऱ्या आत घ्या, त्या कोपऱ्यात जातात, मग मध्ये जागा होते. खाली शेकडो लोकांनी आभार मानले होते. ताईंनी फोन उलटा ठेवला.

"घसा बसलाय का?" यजमानांनी इस्त्री बाजूला ठेवून विचारलं.

ताईंनी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुठ्ठ्याची चित्रं ती. तुझा काय संबंध?"

"पुठ्ठा त्यांचा. आवाज माझा आहे ना."

यजमान इस्त्रीकडे वळले. वाफ सोडली आणि एका शर्टाची बाही सरळ करू लागले. पण त्या दिवसापासून काउंटरवर तेच येऊन उभे राहू लागले, ज्यांना अनोळखी माणसाला वेळ विचारायचीही चोरी होती.

मग कंपनीतून फोन आला. त्या रविवारच्या आधीच जावयाने कौतुकाने कंपनीला कळवलं होतं की ह्या बाई माझ्या सासूबाई, आणि मेकॅनिकची गोष्टही लिहून पाठवली होती. फोनवरची मुलगी गोड होती. "तुम्ही आमच्यासाठी फार मोठ्या आहात," ती म्हणाली. वाढदिवसाची खास आवृत्ती निघणार होती. त्यात जुन्या लोकांच्या मुलाखती होत्या. ताई येतील का?

"येते," ताई म्हणाल्या. "मलाही थोडं बोलायचंय."

लेक म्हणाली मी येते सोबत. ताई नको म्हणाल्या.

गॅरेजवरच्या तीन खोल्यांची आता काचेची इमारत झाली होती. आत पाऊल रुतेल असा गालिचा आणि धूळ बसलेली प्लॅस्टिकची झाडं. गोड आवाजाची मुलगी खाली घ्यायला आली. बाकावर बसवून तिने चहा आणला. ताईंनी कप उचलला आणि त्यावरची अक्षरं वाचली. 'घरी बाळ एकटं आहे.' खाली पिवळ्या झग्याचं चित्र. शेजारच्या कपाटात तसे कप ओळीने मांडले होते, आणि टी-शर्ट, पुढे 'माफ करा' आणि पाठीवर 'हं'.

"सगळ्यात जास्त हाच खपतो," मुलगी म्हणाली.

ताईंनी कप खाली ठेवला. चहावर साय धरेपर्यंत तो तसाच राहिला.

कानसेन आला. आता त्याला सगळे सर म्हणत होते. पांढरे केस मागे बांधलेले, महागडा स्वेटर, पायात आवाज न करणारे बूट. "अगं टेलिफोन," म्हणत त्याने ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "तशीच आहेस की. चल, तुला एक भेट द्यायची आहे."

त्याने त्यांना एका लहान खोलीत नेलं. इथे भिंतींना गाद्या नव्हत्या, भोकं पाडलेला गुळगुळीत फोम होता. त्याने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, स्वतःही एक घातला. "त्या दुपारची मूळ टेप," तो म्हणाला. "काटछाट न केलेली. मी जपून ठेवलीय."

ताईंना आधी स्वतःचं हसू ऐकू आलं. एक पोरगी हसत होती, चुकत होती, पुन्हा म्हणत होती. मध्येच म्हणाली, पाणी पिऊन येते हं. दार वाजलं. ती बाहेर गेली, पण टेप चालूच राहिली.

"शेवटचं खोटं वाटतंय," एक आवाज म्हणाला. कानसेनचा, तरुण. "मला खरं हवंय."

"मग काय करायचं?"

"ती आली की दिवे घालव. मी मागून जातो. थांब, हात जरा बर्फात घालतो." खिदळणं. "गप्प बसा रे, तिला कळेल."

"आणि रडली तर?"

"रडली तर तेही घ्यायचं."

दार वाजलं. पोरगी काहीतरी गुणगुणत आत आली. खुर्ची सरकली. खट्. मग ती किंकाळी. टीव्हीवर तिचा एक तुकडाच होता. इथे ती संपतच नव्हती. तिच्या शेवटी श्वास अडकल्याची घरघर होती आणि मग एक बारीक 'आई'. जिन्यावर पावलं. पुरुषांचं हसणं, एकाचं, दुसऱ्याचं, सगळ्यांचं. मेकॅनिक विचारत होते, काय झालं, कोणाला लागलं. ताई त्या टेपवर स्वतःला शोधत राहिल्या. बऱ्याच वेळाने ती पोरगीही हसू लागली. आधी एकदा, जरा चाचपडत, मग दुसऱ्यांदा मोठ्याने.

ताईंच्या आठवणीत त्या सगळ्यात आधी हसल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी ती गोष्ट तशीच सांगितली होती.

त्यांनी शेजारी पाहिलं. कानसेन डोळे मिटून ऐकत होता. ओठ किंचित उघडे, बोटं मांडीवर. एखादा माणूस जेवणानंतर दाढेत अडकलेली गोड चव जिभेने शोधतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

"काय पकडलंय," तो म्हणाला. "इतकी वर्षं गेली, इतकी यंत्रं आली, पण असं कोणाकडून काढता येत नाही बघ."

"हात तुमचे होते?"

"माझेच. बर्फाची आयडियाही माझीच."

ताईंनी हेडफोन काढला. कानाला घाम आला होता. तो त्यांनी पदराने नीट पुसला, दोन्ही कानांमागून. मग म्हणाल्या, "माझा आवाज काढून टाका त्यातून."

"म्हणजे?"

"नव्या आवृत्तीत दुसऱ्या कोणाचा घाला. आता तुमच्याकडे यंत्रं आहेत म्हणता ना. यंत्राचा घाला."

तो प्रेमाने हसला. "अगं वेडी आहेस का? लोक त्यासाठीच तर पुन्हा येतात. एक पान हललं तरी शिव्या देतात. तो आवाज बदलला तर मोकाट मोकाट राहणार नाही."

"त्या गोदामात काय करतात ते पाहिलंय तुम्ही?"

"लोक खेळतात गं. कोणी कसं खेळावं हे आपण कोण सांगणार? तीच तर त्याची खुबी." मग त्याने मान पुढे केली आणि खरोखरच्या काळजीने विचारलं, "तुला वाईट वाटलं का? तेव्हा तर हसली होतीस. टेपवर आहे की."

ताईंना वाटलं, ह्याच्याशी आणखी एक वाक्य बोललं तरी तेही हा कुठेतरी जपून ठेवेल.

तरी त्या मुलाखतीला बसल्या. निघून जाण्याचा विचार मनात आला होता, पण मग वाटलं, जी गोष्ट इतकी वर्षं चुकीची सांगितली ती एकदा तरी बरोबर सांगावी. प्रखर दिवे होते. गोड आवाजाच्या मुलीने त्यांच्या पदराला चिमटीएवढा माइक लावला आणि समोर बसली. "ती मेकॅनिकवाली गोष्ट सांगा ना," ती म्हणाली. "पान्हे घेऊन आले होते म्हणे."

"सांगते. मी पाणी प्यायला बाहेर गेले होते. तेव्हा आत ह्यांनी ठरवलं." ताईंनी कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या कानसेनकडे बोट केलं. "दिवे घालवायचे ठरलं. ह्यांनी हात बर्फात घातले. म्हणाले, रडली तर तेही घ्यायचं. मी आत आले, तेव्हा माझा गळा मागून धरला. मी आईला हाक मारली. ती हाक तुम्ही कापली, बाकीचं गेममध्ये घातलं. मेकॅनिक धावत आले कारण त्यांना वाटलं कोणीतरी मरतंय. तेवढेच शहाणे निघाले. मग सगळे हसत होते म्हणून मीही हसले. कप तुम्ही छान काढलाय."

समोरच्या मुलीचं हसू जागेवर नव्हतं. तिने नकळत आपल्या गळ्याला हात लावला होता.

"थांबवा," मागून कानसेन शांतपणे म्हणाला. "पुन्हा घेऊ. जरा हलकंफुलकं. टेलिफोन, तू नेहमी सांगतेस तसं."

ताईंनी पदरावरचा माइक काढून मुलीच्या हातात दिला. उठल्या. लिफ्टपर्यंत कानसेन सोबत आला. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाला, पुन्हा ये म्हणाला आणि हात पुढे केला. ताईंनी त्या हाताकडे पाहिलं. म्हातारा, स्वच्छ, नखं व्यवस्थित कापलेला हात होता. तो हातात घेण्यापेक्षा कुठलंही मळकं बोचकं त्यांनी आनंदाने उचललं असतं.

"धुऊन या आधी," त्या लिफ्टमध्ये शिरत म्हणाल्या आणि दार बंद झालं.

सगळं ऐकून लेक चिडली. तिने कंपनीला कडक शब्दांत लिहिलं, एका ओळखीच्या वकिलालाही विचारलं. कंपनीचं उत्तर फार सभ्य आलं. आवाज कायद्याने त्यांचा होता, ताईंनी तेव्हा तशी सही केली होती. पण ताईंच्या भावनांचा आदर म्हणून नव्या आवृत्तीतून त्यांचं नाव काढून टाकण्यात येत होतं. तसं ते काढलंही. बायका राहिल्या, त्यांच्यापुढचं नाव गेलं. मुलाखत कुठेच आली नाही. कानसेनची आली. त्यात त्याने बर्फाची गोष्ट सांगितली आणि मुलाखत घेणारा खुर्चीतून पडेल इतका हसला.

ताई हळूहळू पुन्हा काउंटरवर बोलू लागल्या. न बोलून भागत नव्हतं. यजमानांनी एका आठवड्यात तिघांचे कोट उलटसुलट दिले होते.

नवी आवृत्ती आल्यानंतर काही दिवसांनी ताई संध्याकाळी लेकीचे पडदे घेऊन तिच्या घरी गेल्या. दुकानात धुऊन इस्त्री केलेले, अजून गरम. लेकीने दार उघडलं आणि कुकर बघायला स्वयंपाकघरात पळाली. ताई पडदे हातावर घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या.

जावई सोफ्यावर होता, पाठमोरा. टीव्हीवर नारिंगी ऊन, समुद्र, बंदर. चित्रं आता चकचकीत झाली होती. माणसाच्या हाताला बोटं आली होती. गोदामाचं दार उघडं होतं आणि आत बायका होत्या, नव्या, रेखीव चेहऱ्यांच्या. त्यांच्या डोळ्यांत ओल चमकत होती. एक दाराकडे धावत आली आणि तिचं तोंड उघडलं. घशातली पडजीभ दिसेल इतकं उघडलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

जावयाला चाहूल लागली. त्याने वळून पाहिलं आणि गडबडीने उभा राहिला. "आई, या ना. बसा." मग त्यांची नजर पडद्यावर आहे हे पाहून पुढे म्हणाला, "आवाज बंद करूनच खेळतो मी. तुमचं ते कळल्यापासून. एकदाही लावला नाही."

त्याला हे सांगताना बरं वाटत होतं. शहाण्या मुलासारखा तो उभा होता.

ताईंनी पडदे खुर्चीवर ठेवले, सुरकुती पडू नये असे. मग सोफ्यावर बसल्या, त्याच्या शेजारच्या जागी.

"लाव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आवाज लाव. आणि खेळ. मी बसलेय."

जावयाने रिमोट हातात घेतला. पडद्यावर त्या बाईचं तोंड अजून उघडंच होतं. त्याने रिमोट टेबलावर ठेवला.

"तुम्ही समोर असताना कसं, आई?"

"म्हणजे मी नसताना चालतं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "तसं नाही हो." ताई वाट बघत होत्या. त्याने टीव्ही बंद केला आणि काळ्या काचेत दोघं दिसू लागले, सोफ्यावर बसलेली सासू आणि उभा जावई.

लेक हात पुसत आली. "काय चाललंय?" तिने विचारलं. ताईंनी खुर्चीवरचे पडदे उचलून तिच्या हातात दिले.

जेवायला ताई थांबल्या, कारण लेकीने पान वाढलं होतं. जावयाने आग्रहाने त्यांना वाढायला घेतलं. त्याने चमचा धरला, त्यांच्या ताटाकडे वाकला, आणि ताईंनी ताटावर हात आडवा धरला. "मला लेक वाढेल," त्या म्हणाल्या. लेकीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि चमचा त्याच्या हातातून काढून घेतला.